कागदाचं शिरस्त्राण, पुठ्ठ्याचं चिलखत: मापापासून रंगापर्यंत, कामाच्या क्रमाने

जानेवारी लागला की फोन सुरू होतात. "भाऊ, टोप डोक्यात शिरूनच नाही राहिला." "भाऊ, चांदीचा रंग लावला, आता सगळा सदरा चंदेरी होऊन राहिला." "भाऊ, पोट्टा खाली बसला का छातीचा पुठ्ठा हनुवटीला लागते." शिवजयंती १९ फेब्रुवारीला, शाळेचं गॅदरिंग त्याच्या आगेमागे, आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम तर दिवाळीपासूनच पेटलेला. आणि काम हातात घेतलं जातं कार्यक्रमाच्या चार दिवस आधी.

चार दिवसांत शिरस्त्राण होत नाही. हाताचं काम सगळं मिळून दोन-अडीच दिवसांचं आहे, पण वाळायला आठ-दहा दिवस जातात. बिघडलेले जे टोप माझ्याकडे दुरुस्तीला येतात, ते बहुतेक हात वाईट म्हणून बिघडलेले नसतात. आतून ओले असताना पुढचं काम केलेलं असतं. म्हणून १९ तारखेचा कार्यक्रम असेल तर १ फेब्रुवारीला मापं घेतलेली पाहिजेत.

इथे सांगतो आहे ते लढाईच्या वेशातल्या सरदाराचं किंवा मावळ्याचं सामान: घुमटाचं शिरस्त्राण, त्याला समोर नाकपट्टी आणि मागे कड्यांची झालर, छाती, पाठ आणि दोन कुशी झाकणारे चार पत्रे, म्हणजे चारआयना, आणि खांदे. दुकानात जिरेटोप म्हणून मिळतो तो कापडाचा आणि मोत्यांचा, त्याची कृती वेगळी.

## आधी सामान जमवा

अर्धं काम झाल्यावर ब्रह्मपुरी नाही तर वडशाच्या बाजाराला पळायचं म्हणजे एक दिवस गेला. एका मोठ्या माणसाच्या जोडाला एवढं लागतं:

- वर्तमानपत्राचे २०-२५ मोठे कागद, आणि खाकी कागदाचे ४-५ ताव
- मैदा २ वाट्या, तुरटीची पूड १ लहान चमचा
- फेव्हिकॉल अर्धा किलो
- कूलर किंवा फ्रीजचा मोठा खोका. किराणा दुकानातला साबणाचा खोका पातळ पडतो
- जाळीची सुती बनियन १, जुनी चालेल
- सुतळी, नाडा, वेल्क्रोची पट्टी, जाड सुई-दोरा
- पॉलिश पेपर १२० आणि २२० नंबरचा
- काळा पाण्याचा रंग (ॲक्रिलिक किंवा भिंतीचा इमल्शन), सिल्व्हर पेंटचा लहान डबा, थोडा सोनेरी
- नाकपट्टी, खांदे आणि गादीसाठी फोम, चपलेचं सोल्युशन, फोमपुरती ॲक्रिलिक चांदी, खडूची पूड
- कटर, कात्री, शिलाईचा टेप, पेन्सिल

थर्माकोल यादीत नाही, आणि मुद्दाम नाही. तो मुलाच्या हातात एका उडीत तुटतो. शिवाय चपलेचं सोल्युशन किंवा स्प्रेचा रंग लागला की विरघळून त्याला खड्डे पडतात. पत्राही नको, कडा कापतात.

## टप्पा १: मापं (दिवस पहिला)

ज्याला घालायचं आहे त्याला समोर उभं करा. "माझ्याएवढाच आहे तो" यावर काम सुरू करू नका. नाटकात जो सदरा, जो अंगरखा घालायचा आहे तो अंगात हवा. केस वाढवणार असेल तर तेही आताच विचारा.

डोक्याचा घेर भुवयांच्या वर आणि मागे कवटीचा फुगवटा जिथे जास्त आहे तिथून घ्या. टेप सैलही नको, आवळलेलाही नको. समजा ५४ सेंटिमीटर आला. आता आतून अर्धा सेंटिमीटर जाडीची गादी बसवायची आहे. अर्धा सेंटिमीटर काहीच नाही असं वाटतं, आणि नेमकी इथेच पहिली चूक होते. गादी चारी बाजूंनी आली की घेर ३ सेंटिमीटरने वाढवावा लागतो. कागद वाळताना थोडा आक्रसतो, त्याचा आणखी १. म्हणजे साचा ५८ चा हवा. ५४ च्या डोक्याला ५४ चा साचा केला की तो फोन येतो: "शिरूनच नाही राहिला."

छातीचा घेर भरून श्वास घेतल्यावर मोजा. उंची खांद्याच्या हाडापासून बेंबीच्या दोन बोटं वरपर्यंतच घ्या. उभं राहून पट्ट्यापर्यंत माप घेतलं की आरशात छान दिसतं, पण माणूस बसला की खालची कड मांडीवर टेकते आणि वरची गळ्यात घुसते. मुजरा करायला वाकायचं आहे, मरून पडायचं आहे, कधी घोड्यावर बसायचं आहे. आखूड चिलखत कोणाच्या लक्षात येत नाही, कारण खाली कमरबंद असतो.

तपासा: दोन्ही हात वर करायला सांगा आणि काखेखाली चार बोटं जागा सोडून खूण करा. पुठ्ठ्याची कड त्या खुणेच्या वर जाता कामा नये.

## टप्पा २: साचा

फुग्यावर कागद चिकटवायची पद्धत शाळेत शिकवतात. लहान मुलाच्या टोपाला ती चालून जाते. पण फुगा दुपारी उन्हाने फुगतो, रात्री थंडीने आक्रसतो, आणि ओला कागद त्याच्यासोबत सुरकुततो. सकाळी उठून पाहावं तर टोपाला चिरा.

त्यापेक्षा गंज, म्हणजे पातेलं, घ्या. स्वयंपाकघरातला, बुडाशी गोलाई असलेला. एक गोष्ट लक्षात असू द्या: गंज गोल असतो, डोकं गोल नसतं. कानापासून कानापर्यंत जेवढं असतं, त्यापेक्षा कपाळापासून मागे साधारण ४ सेंटिमीटर जास्त भरतं. नुसत्या गंजावर केलेला टोप म्हणून पुढे-मागे टोचतो आणि कानांपाशी डुगडुगतो. साच्याच्या मापापेक्षा सुमारे ६ सेंटिमीटर कमी घेराचा गंज निवडा (५८ चा साचा तर ५२ चा गंज), तो पाटावर पालथा घाला, आणि समोर व मागे दोन-दोन सेंटिमीटर चिकणमाती थापा. तळ्याच्या गाळाची माती उत्तम, खडे तेवढे काढा. वरती घुमटाचा आकारही मातीनेच द्या. घुमट फार उंच केला तर शिरस्त्राण न दिसता शंकराची पिंड दिसते. डोक्याच्या वर पाच-सहा सेंटिमीटर पुरे.

माती हाताला लागेनाशी झाली की त्यावर पातळ पन्नी (प्लॅस्टिकचा कागद) घट्ट ताणून गंजाच्या काठाशी सुतळीने बांधा. पन्नीला घडी पडली तर तेवढी टोपाच्या आत उमटते. आत उमटलेली चालते, बाहेर दिसत नाही.

जवळ बुरडाचं घर असेल तर दुसरा मार्ग आहे: डोक्याच्या मापाची लांबट टोपली विणून घ्यायची आणि तिच्यावरच कागद चढवायचा. टोपली आतच राहते. वजन थोडं वाढतं, पण असा टोप वर्षानुवर्षं टिकतो. कामटीची टोकं आतून कापडाने झाकायला विसरू नका.

तपासा: पन्नी बांधल्यावर साच्याचा घेर पुन्हा मोजा. ५८ हवा होता आणि ६१ भरला, तर आत्ता माती खरवडणं पाच मिनिटांचं काम आहे.

## टप्पा ३: खळ

१ वाटी मैदा, १ वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. दुसरीकडे ४ वाट्या पाणी उकळा, त्यात हे कालवण धारेने सोडा आणि ढवळत राहा. पांढरी खळ काचेसारखी झाक मारायला लागली की उतरवा. तुरटीची पूड घाला, म्हणजे लवकर आंबत नाही. पूर्ण थंड झाल्यावरच वापरा आणि रोज लागेल तेवढीच करा.

आपल्याकडे भात घरोघरी, त्यामुळे पेज घट्ट करून वापरायचा मोह होतो. चिकटते चांगली, पण वाळल्यावर ठिसूळ होते आणि टोप पडला की त्या जागी पापुद्रा सुटतो.

सावधान: पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद टाकतात, कीड लागू नये म्हणून. ते विष आहे. हा टोप घामेजलेल्या कपाळाला तासभर लागून राहणार आहे आणि मुलं तोच हात तोंडात घालतात. मोरचूद अजिबात नको.

## टप्पा ४: थर (दिवस दुसरा ते सहावा)

कागद कात्रीने कापू नका, फाडा. फाडलेली कड पातळ होते आणि खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कड रंगानंतरही रेघ म्हणून दिसत राहते. पट्टी तीन बोटं रुंद, वीतभर लांब. याहून मोठी पट्टी घुमटावर सुरकुतते.

पहिला थर नुसत्या पाण्याने, खळ न लावता. हा पन्नीला चिकटत नाही, म्हणून नंतर टोप सहज निघतो.

दुसरा आणि तिसरा थर खळीने, वर्तमानपत्राचा. पट्ट्या एका थरात उभ्या, पुढच्या थरात आडव्या. प्रत्येक पट्टी बोटांनी मधून कडेकडे दाबत न्या, आत हवा राहू देऊ नका.

आता थांबा. वाळू द्या.

मग चौथा थर खाकी कागदाचा, पाचवा-सहावा वर्तमानपत्राचा. पुन्हा वाळवा. सातवा-आठवा खाकी, आणि या दोन थरांपुरतं चार भाग खळीत एक भाग फेव्हिकॉल. रंग बदलत गेल्याने कुठे थर लागला, कुठे राहिला हे डोळ्यांना दिसतं. सगळे थर वर्तमानपत्राचेच केले तर पाचव्यानंतर हिशेब राहत नाही, आणि समोर दहा थर, मागे चार असा टोप होतो. मोठ्यांना आठ थर, दहा वर्षांच्या आतल्या मुलांना सहा पुरे.

एकाच बैठकीत आठही थर चढवणारे पुष्कळ आहेत. वरून दोन दिवसांत कडक होतो, हाताला कोरडा लागतो, आतले थर मात्र ओले राहतात. वर रंग लागला की ते पाणी कुठूनच निघत नाही. आठवड्याने आतून काळी बुरशी आणि कुबट वास.

### वाळवायचं कसं

सावलीत, वारा असेल तिथे. ओसरी सगळ्यात चांगली. कडक उन्हात ठेवलं की ऊन लागणारी बाजू आधी आक्रसते आणि आकार वाकडा होतो. चुलीजवळही नको. दव पडायच्या आत घरात घ्या, नाही तर दिवसभर वाळलेलं रात्री परत ओलं.

आणि उंचावर ठेवा. माझा एक टोप, चौथ्या थरापर्यंत आलेला, शेजारच्या शेळीने खाल्ला आहे. मैद्याची खळ लावलेला कागद म्हणजे तिच्या दृष्टीने पक्वान्नच. काठ सगळा खाल्ला, घुमट तेवढा सोडला.

तपासा, तीन प्रकारे: गालाला लावा, थंड लागला तर ओला आहे. बोटाने वाजवा, वाळलेला टणटण वाजतो, ओला थप्प वाजतो. आणि सगळ्यात खात्रीचं, काट्यावर ठेवा. आज सकाळचं आणि उद्या सकाळचं वजन सारखं आलं तर पाणी निघून गेलं. वजन उतरत असेल तर रंगाचा डबा उघडूच नका.

## टप्पा ५: काढणं, कापणं, बसवणं

सुतळी सोडा, गंज हलवा, माती फोडून काढा, पन्नी ओढा. टोप एक दिवस पालथा न ठेवता उताणा ठेवा, आतली बाजू वाळू दे.

कड कापायची खूण डोळ्याच्या अंदाजाने करू नका. टोप पाटावर ठेवा, पुस्तकांच्या थप्पीवर पेन्सिल आडवी धरा आणि टोप फिरवत जा. रेघ सगळीकडे सारख्या उंचीची येते. समोर भुवईच्या वर दोन बोटं, कानांवर थोडी कमान. कापलेल्या कडेवरून खाकी कागदाच्या लहान पट्ट्या आतून बाहेर दुमडून चिकटवा. हे टाळलं की पहिल्याच प्रयोगात कडेचे थर पानांसारखे उलगडतात.

आता डोक्यावर घाला. घट्ट झाला असेल तर मागच्या बाजूला मधोमध उभा छेद द्या, हवा तेवढा उघडा आणि आतून-बाहेरून कागद लावून भरा. मागे झालर येणार आहे, ठिगळ झाकलं जाईल. सैल असेल तर काही करू नका, गादीने बसेल.

## टप्पा ६: टोक, नाकपट्टी, कडा, कड्या

वरचं टोक कागदाच्या शंकूचं करा आणि शेंडा बोथट ठेवा. लोखंडी खिळा किंवा बांबूची अणी बसवलेले टोप मी पाहिले आहेत. गर्दीत मुलगा वाकला की ती अणी समोरच्याच्या डोळ्याच्या उंचीवर येते. शंकूच्या बुडाला चिरा देऊन पाकळ्या बाहेर वळवा आणि त्यांवर कागद चिकटवा, नुसत्या फेव्हिकॉलवर उभा केलेला शंकू टिकत नाही.

नाकपट्टी पुठ्ठ्याची नको. चपलेच्या तळव्याला वापरतात ते फोम, किंवा स्टेशनरीतली जाड फोम शीट घ्या. नाकापासून एक बोट दूर राहिली पाहिजे आणि खालचं टोक ओठांवर येता कामा नये. संवाद म्हणायचे आहेत.

कडेला सुतळी दुहेरी फिरवून चिकटवा, रंगानंतर ती ओतीव पट्टी वाटते. खिळ्यांच्या डोक्यांसाठी अर्धे मोती किंवा जुन्या शर्टाची बटणं. चण्याची नाही तर लाखोळीची डाळ चिकटवायची जुनी युक्ती आहे. दिसते छान, पण दोन महिन्यांनी डाळीत टोके, म्हणजे किडे, पडतात आणि उंदीर नेमके तेवढेच खिळे काढून नेतात.

झालरीसाठी जाळीची बनियन. तिची वीण दुरून हुबेहूब कड्यांसारखी दिसते. पाठीचा भाग कापा, काळ्या रंगात बुडवून वाळवा, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने वरून चांदी फिरवा. खालचं टोक दातेरी कापा. नायलॉनची घेऊ नका, तिच्यावर रंग धरत नाही. तळ्यावर मासेमारी करणाऱ्यांकडे जुनं सुती जाळं मिळालं तर तेही चालतं, दुहेरी घडी करून. वास जायला आधी दोन वेळा धुवा. झालर टोपाला शिवायची मात्र सगळ्यात शेवटी, रंग झाल्यावर.

## टप्पा ७: छाती, पाठ, कुशी

हे काम टोप वाळत असतानाच करा, नाही तर दिवस वाया जातात.

आधी वर्तमानपत्राचा नमुना कापा आणि तो अंगावर टाचण्यांनी लावून पाहा. छातीचा एक, पाठीचा एक, कुशीचे दोन. माणूस हलतो कसा ते बघत कागद कापत जा. कागद चुकला तर काही जात नाही.

मग पुठ्ठा. पुठ्ठ्याच्या आत नळ्या असतात, त्या उभ्या आल्या पाहिजेत, डोक्यापासून पायांकडे. नळ्या उभ्या असल्या की पुठ्ठा छातीभोवती गोल वळतो. आडव्या असल्या तर तो वळत नाही, मधूनच मोडतो आणि छातीवर आडवी घडी पडते. नव्याने करणाऱ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक हीच, आणि ती रंगाने झाकत नाही. खोक्यावरची छपाई सरळ दिसावी म्हणून पुठ्ठा आडवा धरू नका. छपाई जाणारच आहे.

कापल्यावर तुकडा जमिनीवर ठेवून त्यावर लाटणं उभ्या दिशेने धरा आणि आडवं फिरवा. नळ्या थोड्या दबतात आणि वळण येतं.

आता दोन्ही बाजूंना खळीने कागदाचे दोन-दोन थर. दोन्ही बाजूंना म्हणतो आहे. वरूनच कागद लावला तर वाळताना ती बाजू ओढते आणि चारही पत्रे उलटे वळतात. लावून झाल्यावर ओला पुठ्ठा पाण्याच्या माठाला किंवा प्लॅस्टिकच्या ड्रमला टेकवून नाड्याने हलका बांधा, मध्ये पन्नी ठेवा. त्याच वळणात वाळतो.

चारही पत्रे एकमेकांना चिकटवू नका. खांद्यावर दोन पट्टे, कुशीत दोन्हीकडे नाडे, आणि प्रत्येक नाड्यात चार-पाच सेंटिमीटर आवळ-सोड ठेवा. नाड्याचं भोक पुठ्ठ्यात पाडलं की त्याभोवती आतून कापडाची चकती चिकटवा, नाही तर पहिल्या ओढीत फाटतं.

खांदे फोमचे केले तर सुख. तीन पट्ट्या कापा, वरची पट्टी खालच्या पट्टीवर दोन बोटं चढलेली, आणि आतून मधोमध एका कापडी पट्टीला तिन्ही चिकटवा. हात उचलला की त्या खवल्यांसारख्या सरकतात. फोम चिकटवायला चपलेचं सोल्युशन: दोन्ही बाजूंना पातळ लावा, दहा मिनिटं थांबा, बोटाला चिकटेनासं झालं की एकदाच नेमकं ठेवा. एकदा टेकलं की परत सरकत नाही. ओलं असतानाच जोडणारे नंतर म्हणतात सोल्युशन खराब निघालं.

सावधान: सोल्युशन आणि थिनर उघड्या ओसरीत वापरा. चूल, दिवा, विडी जवळ नको. मुलांना या कामात घेऊ नका, कागद फाडायला घ्या.

तान्ह्या पोळ्याच्या वेशभूषेसाठी करत असाल तर ते दिवस पावसाचे. कागद वाळता वाळत नाही. तेव्हा सगळंच फोमचं करा.

## टप्पा ८: पृष्ठभाग

इथे घाई झाली की लोखंड दिसत नाही, वर्तमानपत्र दिसतं.

खडूची पूड फेव्हिकॉलमध्ये श्रीखंडासारखी कालवा. ही आपली लांबी, म्हणजे घरची पुट्टी. खाचा भरण्यापुरती पातळ ओढा, वाळवा, १२० च्या आणि मग २२० च्या पॉलिश पेपरने घासा, नाकाला रुमाल बांधून. भिंतीची पुट्टी जाड थापली तर वाकवताच तडकते. फोमवर लांबी लावायची नाही.

मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे, दोन हात. फोमवर तीन. हा थर नसेल तर कागद रंग पितो, आणि चार हात देऊनही मळकट राखाडीच दिसते.

## टप्पा ९: रंग

क्रम असा: काळा, चांदी, सोनेरी, मळ. उलटसुलट नाही.

काळा. सगळीकडे, कानाकोपऱ्यात, सुतळीच्या पिळात, बटणांच्या बुडाशी. पाण्याचा रंग, दोन हात. इथे बरेच जण विचारतात, चांदीच लावायची आहे तर काळा कशाला? लोखंडाला खोली काळ्याने येते. कोऱ्या कागदावर चांदी लावली की ती चॉकलेटच्या कागदासारखी दिसते.

पाण्याचा काळा पूर्ण वाळल्यावर वर तेलाचा सिल्व्हर पेंट चालतो. उलटं केलं, म्हणजे तेलाच्या रंगावर पाण्याचा, तर तो धरत नाही आणि नखाने निघतो.

चांदी. डबा तळापर्यंत ढवळा, चांदी बुडाशी बसलेली असते. ब्रश बुडवा, मग रद्दी कागदावर इतका पुसा की वाटावं आता काहीच उरलं नाही. तो ब्रश उंचवट्यांवरून हलक्या हाताने ओढा. खाचांत काळा राहू द्या. एका हातात नाही होत, तीनदा फिरवा. फोमच्या भागांना तेलाचा रंग नको, वाळल्यावर कडक होऊन वाकताना तडकतो. तिथे ॲक्रिलिक चांदी.

उजेड कोणता, तेही आधी ठरवा. रात्रीच्या मंडपात फोकसखाली थोडी जास्त चांदी खपते. दिवसाच्या मिरवणुकीत तीच चांदी नव्या डब्यासारखी चमकते, म्हणून तिच्यात चिमूटभर काळा तेलरंग मिसळा.

सोनेरी. फक्त कड, टोक, छातीवरचं एखादं फूल. जिथे तिथे सोनं लावलं की सरदाराचा बँडवाला होतो.

मळ. काळा रंग भरपूर पाण्यात, त्यात साबणाचा एक थेंब. खाचांत सोडा आणि वरून लगेच चिंधीने पुसा. गंज दाखवायचा असेल तर गेरू पाण्यात कालवून खिळ्यांखाली दोन-चार ठिपके. पूर्ण टोप गेरूने माखू नका, लढाईला निघालेल्याचं शस्त्र घासलेलं असतं.

सिल्व्हर पेंट चार तासांत हाताला कोरडा लागतो, पण अंगात घालायला दोन-तीन दिवस द्या. सदरा चंदेरी होतो तो इथे. शंका असेल तर पांढरी चिंधी जोरात घासून बघा.

## टप्पा १०: गादी आणि तालीम

आतून अखंड गोल गादी लावू नका, हवा कोंडते. कपाळाला एक, मागे एक, कानांच्या वर दोन, असे चार तुकडे. फोमवर सुती कापड गुंडाळून. घामाने कापड ओलं झालं की बदलता यावं म्हणून ते वेल्क्रोने लावा. मग झालर शिवा.

हनुवटीचा पट्टा मोठ्यांना नाड्याचा चालतो. मुलांना वेल्क्रोचाच, म्हणजे कुठे अडकला तर ओढ बसून आपोआप सुटतो. गाठ मारलेला नाडा मुलाच्या गळ्याशी ठेवायचा नाही.

कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी सगळं चढवून पंधरा मिनिटं तालीम घ्या. मान दोन्हीकडे फिरते का? मान न वाकवता पायाखालची पायरी दिसते का? तलवार उपसताना कोपर छातीच्या पत्र्याला अडतं का? खाली बसून उठता येतं का? संवाद मागच्या रांगेपर्यंत पोचतो का, की नाकपट्टीत घुमतो? कुठे काचत असेल तर आजच कापा; कापलेल्या कडेला काळा लावला की कळतही नाही.

सावधान: हे सगळं कागद, पुठ्ठा आणि तेलरंग आहे. मशाल हातात घेणाऱ्याने हे घालू नये, आणि मिरवणुकीत फटाक्यांच्या बाजूला याला चालवू नये. लाकडी तलवारीचा खरा वार झेलायलाही हे नाही.

मोटारसायकलवर नेताना टोप हँडलला लटकवू नका. पोत्यात भुसा किंवा कापड भरून त्यात ठेवा. छातीचे पत्रे एकात एक घालून, मध्ये चादर. आणि सोबत एक पिशवी: सुई-दोरा, सेफ्टी पिना, काळी चिकटपट्टी, फेव्हिकॉलची छोटी बाटली, चार हात नाडा आणि चांदीत माखलेला एक वाळका ब्रश. ही पिशवी ज्याने टोप केला त्याच्याच खांद्याला असू द्या, नटाच्या नको. तो ती मेकअपच्या खोलीत विसरतो.

हंगाम संपला की गाद्या काढून धुवा, टोप पालथा न ठेवता टांगून ठेवा, आणि आत कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून सोडा. कोठीत धानाच्या पोत्यांवर ठेवू नका, तिथे उंदीर आधीपासून राहायला असतात.